सोनूबाईंचा भन्ते

रतन पाईकरावला मी पन्नास वर्षं ओळखतो. त्यातली बावीस वर्षं तो भिक्खू होता, दहा वर्षं नगरसेवक होता आणि उरलेली वर्षं माझा शाळासोबती. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याच्या आईपासून सुरुवात करावी लागते.

घाटकोपर पश्चिमेला आमची टेकडी आहे. आम्ही पेडणेकर पायथ्याच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत होते. पाईकराव वर, जिथे पायऱ्या संपून नुसती खडी चढण लागायची, तिथे. सोनूबाई हिंगोलीकडच्या. नवरा माथाडी कामगार होता, तो चौऱ्याऐंशी साली गेला. सोनूबाई विक्रोळीच्या एका औषध कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामाला जात. त्यांच्या हातांची कातडी कायम पांढरी आणि सुरकुतलेली असे. एकुलता एक मुलगा. तो शिकून कारखान्यातच कारकून होईल असं सगळ्यांना वाटायचं.

एकोणनव्वद साली टेकडीवरच्या विहारात श्रामणेर शिबिर भरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बौद्ध समाजात अशी रीत आहे की संसारी माणसानेही दहा दिवस डोकं भादरून, चीवर नेसून भिक्खूसारखं राहावं. पहाटे उठायचं, दुपारी बाराच्या आत जेवायचं, त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काही खायचं नाही. दहा दिवसांनी चीवर परत करायचं आणि घरी जायचं. त्या वर्षी सव्वीस मुलं बसली होती. अकराव्या दिवशी पंचवीस घरी गेली. रतन गेला नाही.

मी त्याला विहाराच्या मागे गाठलं. "पाईकराव, वेडा झालास का रे? बीकॉमचा निकाल लागलाय, अंधेरीला कंपनीत मुलाखती चालू आहेत. माझ्याबरोबर चल."

"तू जा. तुला टाय शोभतो."

"आणि आईचं काय?"

"आईला विचारलं. ती म्हणाली, माझ्याजवळ द्यायला दुसरं काय हाय?"

सोनूबाईंना वाईट वाटलं असेल, असं मला वाटत होतं. मी त्यांच्या घरी गेलो तर त्या शेजारणींना साखर वाटत होत्या.

विदर्भातल्या एका मोठ्या विहारात शिकून, सात वर्षांनी तो टेकडीवर परत आला तो भन्ते खेमबोधी होऊन. त्या दिवशीचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तो आसनावर बसला होता. सोनूबाई पुढे आल्या, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावून तीन वेळा वंदन केलं. तिसऱ्या वेळी रतनला राहवलं नाही. तो हळूच म्हणाला, "आई, पुरे."

सोनूबाई उठल्या आणि भर सभेत म्हणाल्या, "आई कुणाची? उपासिका म्हना. इतकं शिकून बी शिकवावं लागतं का?"

सगळे हसले. रतनही हसला. पण त्या दिवसापासून त्यांनी त्याला अरे-तुरे केलं नाही. टेकडीवरची घरं पाळीपाळीने भन्त्यांना भोजनदान देत. सोनूबाईंची पाळी मंगळवारी. त्या दिवशी त्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेत आणि बाराच्या आत ताट मांडत. "भन्ते, भाकर घ्या. भन्ते, अजून घ्या." आपलाच मुलगा, पण त्याच्यासमोर बसून कधी जेवल्या नाहीत. मी एकदा विचारलं, "मावशी, मुलाला नावाने हाक मारावीशी वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "समद्यांला लेकरं हायती, बाबू. भन्ते किती जणींला हाय?"

भन्ते म्हणून त्याने काय केलं हे टेकडीला माहीत आहे. मयताच्या घरी दारू चालायची, ती त्याने बंद पाडली. उपदेश केला नाही. दारू आणली की तो पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्यासाठी सुत्तं म्हणायला, बसायचा नाही, उठून बाहेर पायरीवर बसायचा. आणि भन्ते बाहेर बसलेले असताना आत पेला कोण भरणार? मुलीचं लग्न अठराच्या आत ठरवलं तर तो लग्न लावायचा नाही. कर्ज काढून मांडव घालणाऱ्यांना तो विहाराचं अंगण द्यायचा. लोक ऐकायचे. चीवराला मान होता.

कचेऱ्यांमध्येही मान होता, आणि तिथेच सगळं अडलं. टेकडीच्या वरच्या अंगाला दरड होती. खाली दोनशे घरं. दरवर्षी पावसाळ्यात दगड सुटायचे. संरक्षक भिंत बांधा म्हणून तो अर्ज करत होता. ते अर्ज मी लिहून द्यायचो, टंकलेखन करून, जावक क्रमांक घालून. एकूण अकरा. तो चीवरात कार्यालयात शिरला की साहेब उठून उभे राहत, हात जोडत, चहा मागवत. तो दुपारनंतर गेला असला तर चहा नको म्हणायचा, मग लिंबूपाणी मागवत. जागा नेमकी कोणाच्या अखत्यारीत येते हे तपासतो म्हणत. आणि दारापर्यंत सोडायला येत.

"पेडण्या," तो मला म्हणाला, "हे लोक माझ्या पाया पडतात आणि अर्ज खाली ठेवतात."

दोन हजार नऊच्या जुलैत दरड कोसळली. पाच माणसं गेली. त्यातली एक अस्मिता नावाची नववीतली मुलगी. तिच्या आईने ती शाळेतून लवकर घरी आली म्हणून तिला झोपायला सांगितलं होतं. एका दिवसात रतनने पाच ठिकाणी तीच सुत्तं म्हटली. पाचव्या घरी त्याचा आवाज बसला. त्या मुलीच्या बापाने त्याच्यापुढे हात जोडले आणि विचारलं, "भन्ते, तुम्ही अकरा वेळा गेलता ना वो साहेबाकडं?" तो दोष देत नव्हता, खरंच विचारत होता. रतनने मान हलवली.

त्यानंतर दोन वर्षं तो विचार करत होता. दोन हजार अकराच्या अखेरीस त्याने मला विहारात बोलावलं आणि सांगितलं, "तुझा एखादा शर्ट दे. पँट पण. कंबर सारखीच आहे आपली."

चीवर सोडण्याला मोठा विधी नसतो. एका वरिष्ठ भिक्खूसमोर तसं सांगायचं, एवढंच. माझा निळ्या रेघांचा शर्ट घालून तो बाहेर आला तेव्हा त्याला खिशाचं काय करावं हे कळत नव्हतं. आम्ही दोघं चढण चढून सोनूबाईंकडे गेलो. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"आई, मी निवडणुकीला उभा राहतो. भिंत दुसऱ्या कुठल्या वाटेने होत नाही."

त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "म्या दिलं होतं ते म्या परत घेत नसते. पर तू घरी आलास. बस."

पंधरा वर्षांनी त्यांनी त्याला 'तू' म्हटलं होतं. त्याने ते ऐकलं, मीही ऐकलं. त्या रात्री आठ वाजता त्यांनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. संध्याकाळनंतर त्याने कित्येक वर्षांत अन्न घेतलं नव्हतं. तो घास मोडून तसाच ताटात ठेवत होता आणि त्या समोर बसून बघत होत्या. जेवलास का, हवं का, काही विचारलं नाही.

एका लहान पक्षाचं तिकीट मिळालं. विरोधकांनी गल्लीगल्लीत सांगितलं, आज चीवर सोडलं, उद्या वॉर्ड सोडेल. काही आपलेच लोक त्याला 'कपडेबदलू' म्हणायचे. प्रचाराला हिंडताना एका म्हाताऱ्याने भर चौकात टोमणा मारला, "काय रे रतन, भन्ते होतास तवा पंचशील द्यायचास, आता नळ देतो म्हणतोस?"

"काका, नळ जास्त लागतो."

म्हातारा तोंड फिरवून हसला. रतन निवडून आला.

भिंतीचा खालचा टप्पा दोन हजार चौदामध्ये उभा राहिला. मी मोजून सांगतो, एकशे दहा मीटर. अभ्यासिका झाली, बायकांची स्वच्छतागृहं झाली, नळ वरच्या चढणीपर्यंत गेला. सतरा साली तो दुसऱ्यांदा आला, तेव्हा दोनशे बारा मतांनी. वरचा टप्पा मंजूर झाला होता, पण काम सुरू व्हायचं होतं. लग्न त्याने केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "चीवर भिंतीसाठी उतरवलं, बाशिंगासाठी नाही."

विहारात मात्र त्याची जागा बदलली होती. आता तिथे चोवीस-पंचवीस वर्षांचे नवे भन्ते आले होते. रतन त्यांना वाकून वंदन करायचा आणि लोकांमध्ये सतरंजीवर बसायचा. सोनूबाई बायकांमध्ये बसत. मी कधी गेलो तर त्यांची नजर आसनाकडे असायची. तिथे दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा बसलेला असायचा. मंगळवारचं भोजनदान त्यांनी सोडलं नाही, पण पूर्वीसारखं 'अजून घ्या' म्हणत नसत.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत सोनूबाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चढण चढायची नाही म्हणून सांगितलं, म्हणून रतनने त्यांना पायथ्याला, आमच्या जुन्या चाळीतल्या एका खोलीत आणलं. तिथे एका संध्याकाळी मी, रतन आणि चंद्रप्रकाश बसलो होतो. चंद्रप्रकाश हा पक्षाचा वॉर्ड अध्यक्ष. मनाने वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो.

सोनूबाई म्हणाल्या, "रतन, एक मागू का?"

"माग की."

"एकडाव तुला चीवरात बगू दे. कायमचं नाही म्हनत म्या. श्रामणेराचं बसतेत ना पोरं, तसं. दहा दिवस. मग घाल तुझा शर्ट."

रतन काही बोलायच्या आत चंद्रप्रकाश ताडकन उठला. "झकास! आजी, काय आयडिया दिलीत! साहेब, ऐन प्रचारात चीवर! माजी भन्ते पुन्हा धम्माच्या वाटेवर. समोरच्याची वाट लागली समजा."

रतनचा चेहरा उतरला. "चंद्रप्रकाश, बाहेर जा."

"अहो पण साहेब..."

"बाहेर जा म्हटलं ना."

तो गेला. महापालिकेची मुदत मार्चमध्ये संपत होती. निवडणूक तोंडावर आहे असं सगळे धरून चालले होते. मग मी बोललो. मला त्या वेळी ते अगदी व्यवस्थित, हिशेबी वाटलं होतं. "रतन, आत्ता बसलास तर मतांसाठी बसलास असंच म्हणतील. निवडणूक होऊ दे. एप्रिल, फार तर मे. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी जा. हरलास तरी जा, जिंकलास तरी जा. मग कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. मावशी, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

रतनने आईकडे पाहिलं. "चालेल, आई?"

"चालतंय की. म्या कुठं पळायले?"

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वॉर्डांची संख्या बदलली, परत बदलली. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला. मेमध्ये निवडणूक झाली नाही. पावसाळ्यानंतर होईल म्हणाले. मग दिवाळीनंतर. मग नव्या वर्षात. मी शनिवारी सोनूबाईंना भेटायला जायचो. त्या पहिला प्रश्न तोच विचारायच्या, "बाबू, कव्हा हाय रे इलेक्शन?" टेकडीवर त्या निवडणुकीची एवढी वाट बघणारं दुसरं कोणी नसेल. उमेदवारसुद्धा नाही.

मी रतनला एकदा म्हटलं, "माझं चुकलं. तू आता थांबू नकोस. लोक काय बोलायचं ते बोलू देत."

"लोकांचं नाही रे," तो म्हणाला. "मी आसनावर बसलोय, समोरचा वाकतोय, आणि माझ्या मनात आलं की हे एक मत. मग? बावीस वर्षं ते अंगावर होतं, तेव्हा एकदाही असं मनात आलं नव्हतं. ते मला खराब करायचं नाही."

"मग उभाच राहू नकोस."

"वरची भिंत कोण बांधणार? तू?"



तेवीस सालच्या मे महिन्यात विहारात शिबिर होतं. तेव्हा निवडणुकीचा काहीच पत्ता नव्हता, चर्चासुद्धा थांबली होती. रतनने मला फोन केला. "पेडण्या, मी बसतोय. आता कसला प्रचार नि कसलं काय. भन्तेंशी बोललोय. तुला सांगितलं आणि आईला सांगितलं. आणखी कोणाला नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी कंपनीत दोन दिवसांची रजा टाकली. तेहतीस वर्षांत माझ्या रजा मोजक्याच झाल्या आहेत.

शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी मी टेकडीकडे निघालो तर नाक्यावर बॅनर. पंधरा फुटी. एका बाजूला रतनचा जुना चीवरातला फोटो, दुसऱ्या बाजूला नगरसेवक असतानाचा, हात जोडलेला. वर मोठ्या अक्षरांत, 'त्यागमूर्ती पुन्हा धम्मपथावर'. खाली बारीक अक्षरांत, 'भावी नगरसेवक'. आणि सगळ्यात खाली चंद्रप्रकाशचा गॉगल घातलेला फोटो.

रतन आधीच तिथे पोहोचला होता. तो शिडीवर चढून दोऱ्या कापत होता. खाली दहा-बारा माणसं मोबाइलवर चित्रीकरण करत होती. चंद्रप्रकाश शिडी धरून विनवत होता, "साहेब, यार, लोक बघतायत. असं फाडू नका, उलटा मेसेज जाईल ना."

"तुला कोणी सांगितलं?"

"अख्ख्या टेकडीला माहीत आहे, साहेब! बायका चार दिवस हेच बोलतायत. मला वाटलं तुम्हीच..."

रतन खाली उतरला. बॅनर गुंडाळून त्याने माझ्या हातात दिलं. ते उचलवत नव्हतं. आम्ही दोघं सोनूबाईंकडे गेलो. त्या नवं पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांना बातमी आधीच कळली होती. आम्हाला पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"म्याच सांगितलं," त्या म्हणाल्या. "नळावर सांगितलं बायकांला. माझं लेकरू उद्या बसायलंय म्हनलं. एकीला सांगितलं, मग दुसरीला सांगितलं. राहवलं नाही रे मला."

रतन त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. "असू दे, आई."

"बसतोस ना मग?"

त्याने मान खाली घातली. त्या समजल्या. त्यांनीच म्हटलं, "नको बसू. आता नको. म्या बी तसल्या फोटोतलं बगत नसते."

शिबिर झालं. दहाही दिवस सोनूबाई काठी टेकत, अर्ध्या वाटेवर थांबत चढण चढून विहारात गेल्या आणि दुसऱ्यांच्या मुलांना वाढलं. डॉक्टरांनी मनाई केली होती. रतनने अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार होता?

चोवीसच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. पाय सुजले होते, आडवं झोपवत नव्हतं. मी गेलो तेव्हा रतन त्यांच्या पलंगाशी उभा होता. मला बघून म्हणाला, "बरं झालं आलास. मी हिला सांगतोय, आज संध्याकाळीच भन्तेंना इथे बोलावतो. इथेच चीवर घेतो. काय व्हायचं ते होऊ दे."

सोनूबाईंना धाप लागत होती, तरी त्यांनी हात हलवला. "येडा हाय का? दवाखान्यात टक्कल करून बसलास तर लोकं म्हनतील सोनूबाई मेली. मयताला येतील ती."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली, नर्स हसली. रतनही हसला, आणि हसता हसता त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"आधी घरी ने मला," सोनूबाई म्हणाल्या. "घरी बसू. दिवाळी झाल्यावर."

दोन दिवसांनी पहाटे त्या गेल्या.

सातव्या दिवशी विहारात जलदान विधी झाला. पायऱ्यांपर्यंत माणसं होती. आसनावर नवे भन्ते होते, त्यांनी सुत्तं म्हटली. रतन पांढऱ्या सदऱ्यात खाली, माझ्या शेजारी बसला होता. टेकडीवरच्या शेकडो मयतांना ज्याने हे म्हटलं होतं, तो आपल्या आईच्या वेळी सगळ्यांबरोबर खालून म्हणत होता. भन्तेंनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला. "माझी आई सोनूबाई किसन पाईकराव. वय शहात्तर. औषधाच्या कारखान्यात एकवीस वर्षं बाटल्या धुतल्या," एवढं बोलला आणि खाली बसला.

त्यानंतर एक वर्ष तो पूर्वीसारखाच कामं करत राहिला. लोक 'माजी' म्हणायचे, पण दाखल्याला, नळाला, पोलीस ठाण्याला त्याच्याकडेच यायचे. पंचवीसच्या नोव्हेंबरात अखेर निवडणूक ठरली आणि वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली. त्या दिवशी मी त्याच्या खोलीवर होतो. चंद्रप्रकाशचा फोन आला. रतनने तो स्पीकरवर ठेवला.

"साहेब, वाट लागली. आपला वॉर्ड महिला झाला."

रतनने फोनकडे पाहिलं.

"साहेब? ऐकताय ना? साडेतीन वर्षं थांबलो आपण ह्यासाठी. तुम्ही लग्न केलं असतं तर आज वहिनींना उभं केलं असतं. आता कोण आहे आपल्याकडे?"

"आई होती," रतन म्हणाला आणि फोन ठेवला.

मला त्याच्याकडे बघवेना. ज्या निवडणुकीसाठी मी त्याला थांब म्हणालो होतो, ती त्याची नव्हतीच. पण ते त्या दिवशी एका चिठ्ठीने ठरलं. बावीस साली कोणाला कळणार होतं, असं मी स्वतःला सांगतो. त्याने मला कधीच बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आठवडाभराने तो म्हणाला, "डिसेंबरात शिबिर आहे. अर्ज भरून दे. तुझं अक्षर चांगलं आहे."

अर्ज साधाच होता. नाव, वय, रक्तगट, कुठला आजार आहे का. मी भरत गेलो. शेवटी रकाना आला, 'आई-वडिलांची संमती व सही'. धम्मात तशी अट आहे. आईवडील हयात असतील तर त्यांच्या परवानगीशिवाय दीक्षा देत नाहीत, माणूस कितीही मोठा असला तरी. विहारातला अर्ज घेणारा मुलगा समोर होता. माझा हात थांबलेला पाहून तो म्हणाला, "काका, हयात नसतील तर रेघ मारा."

मी रेघ मारायला पेन टेकवलं, तर रतनने माझं मनगट धरलं.

"रेघ नको. लिही, आईची संमती होती."

"सही कुठे आहे पण?" मुलाने विचारलं.

"सही नाही. संमती होती. तेवढं लिही, पेडण्या."

मी लिहिलं. मुलाने ते दोनदा वाचलं आणि अर्ज ठेवून घेतला.

तो अठ्ठावन्नाव्या वर्षी शिबिरात बसला. सगळ्यांत मोठा. त्याच्या आजूबाजूला अकरावी-बारावीतली मुलं. त्याने कोणाला भेटायला येऊ दिलं नाही. मलाही नाही. चंद्रप्रकाश दुसऱ्या कुठल्या तरी उमेदवाराच्या प्रचारात होता, त्यामुळे बॅनर लागलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला तो घरी आला. सकाळी मी चहा घेऊन गेलो. डोक्यावर पांढरे खुंट उगवायला लागले होते. शर्टाची वरची गुंडी लावायची राहिली होती. बाहेर प्रचाराची रिक्षा ओरडत फिरत होती. तिचा आवाज हळूहळू लांब गेला.

"कसं झालं?" मी विचारलं.

"संध्याकाळी भूक लागायची. सवय गेली आता." त्याने चहाचा कप हातात धरला, प्यायला नाही. "पटकन संपलं रे. मला वाटलं होतं बरेच दिवस असतील." आणि मग, माझ्याकडे न बघता, "एवढेच होते. दहा. तिने एवढेच मागितले होते."